आत्याने डबा घेतला

श्री

नागपूर. शिमगा तोंडावर आला आहे.

चि. विक्रम यास मुकुंददादाकडून मनापासून आशीर्वाद. (पन्नाशी उलटलेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना हात जरा अडखळतो, पण तू माझ्याहून लहान आहेस आणि लहानच राहणार, त्याला माझा इलाज नाही.) तुझी, वैदेहीची आणि मुलांची तब्येत ठणठणीत असेल असे धरून चालतो. तुमच्या एडमंटनला सध्या उणे किती आहे ते कळवू नकोस, नुसते ऐकून तुझ्या गार्गीवहिनीला शिंका सुरू होतात. इकडे सगळे खुशाल. माझी शुगर काबूत आहे. गार्गीची पाठ तिच्या म्हणण्याप्रमाणे कामातून गेली आहे आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे तिला काहीही झालेले नाही, त्यामुळे आम्ही डॉक्टर बदलतो आहोत. तुझी आई, म्हणजे माझी यमुआत्या, प्रकृतीने उत्तम आहे. हे शेवटचे वाक्य सावकाश दोनदा वाच. पुढचे वाचताना तुला त्याचा आधार लागेल.

हे सगळे फोनवर सांगता आले असते. पण तू फोनवर मध्ये मध्ये 'काय?' म्हणतोस, आणि या हकिकतीत तुला इतक्या वेळा 'काय?' म्हणावे लागेल की मी शेवटापर्यंत पोचायचोच नाही. म्हणून कागदावर लिहितो आहे, पानांचे फोटो काढून पाठवीन. बसून वाच. पाठीला टेकायला काही असेल तर बरे.

दिवाळीच्या सुमारास तू मला फोन केला होतास, की दादा, आई धड जेवते की नाही कळत नाही, विचारले तर 'झालं माझं' एवढेच म्हणते, तू जरा लक्ष घाल. मी त्याच आठवड्यात लक्ष्मीनगरला तिच्या घरी जाऊन लक्ष घातले. ओट्यावर वाटीभर वरण, अर्धी पोळी आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी, एवढा सगळा संसार मांडलेला होता. (त्यातली अर्धी पोळी तिने मला दिली. ती नको म्हणणे मला जमले नाही, हे तुला माहीतच आहे.) मी तिला निघताना सांगितले, आत्या, या वयात एकटीसाठी ओट्याशी उभी राहू नकोस, सरळ डबा घे. ती म्हणाली, बघते. मग संक्रांतीला फोन झाला तेव्हा आपणहून म्हणाली, "मुकुंद, तुझं ऐकलं मी. डबा घेतला." मला काय बरे वाटले म्हणून सांगू. मी विचारले, कसा आहे? तर म्हणाली, जुना आहे पण मजबूत आहे, फक्त रंग द्यावा लागेल. आता जेवणाच्या डब्याला रंग कशाला, हा प्रश्न मला त्याच वेळी पडायला हवा होता. पडला नाही. तोंडात तिळगूळ होता. मी तुला लगेच मेसेज टाकला की काम झाले, आईने डबा लावला, आणि तू मला उत्तरादाखल अंगठा पाठवलास. तो अंगठा मी अजून जपून ठेवला आहे, कारण त्यानंतर मनाला शांतता अशी मिळालेली नाही.

पुढे माघात एकदा आत्याचा फोन आला की शनिवारी तू आणि गार्गी माझ्याकडे जेवायला या. माझ्याकडे म्हणजे घरी नाही, कळमेश्वरच्या रस्त्याला, अमुक एका बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकातून आत. दुपारी चारला पोचा, उशीर केला तर निघून जाईल. काय निघून जाईल ते मी विचारले नाही. मला वाटले, ऊन. गार्गीने ठेवणीतली मोतिया रंगाची साडी काढली, कारण रस्त्यालगत आजकाल जी लॉन असलेली हॉटेले निघाली आहेत त्यांतलेच एखादे असणार, असा तिचा कयास होता.

फाटकातून आत गेलो तर हॉटेल नव्हते, लॉन नव्हते. चुना मारलेला एक बुटका फलाट होता आणि फलाटाला लागून रेल्वेगाडी उभी होती. चित्र नाही, देखावा नाही, गाडी. पुढे बोथट नाकाचे जुने डिझेल इंजिन, लाल अंगावर पिवळा पट्टा, उभ्या जागी सगळे अंग थरथरवत काळा धूर सोडत होते. त्याच्यामागे आपल्या लहानपणी असायचे तसे तीन पॅसेंजरचे डबे, खिडक्यांना आडवे गज, दाराला पितळी मुठी, आणि बाहेरून ठळक अक्षरांत 'विदर्भ भोजन मेल'. फलाटावर लग्नाला आल्यासारखी नटलेली माणसे इंजिनाला खेटून फोटो काढत होती. आणि या सगळ्याच्या मधोमध तुझी आई. डाळिंबी रंगाचे लुगड्यासारखे जाड सुती पातळ, पायात पोरे घालतात तसले धावायचे बूट आणि काखेत गुंडाळलेला हिरवा झेंडा. गार्गीने तिला माझ्या आधी पाहिले आणि पर्समधून चष्मा काढून पुन्हा पाहिले. यावरून प्रसंग काय होता ते तू ओळख.

आत्या आम्हाला हाताला धरून शेवटच्या डब्याशी घेऊन गेली, बाजारात टरबूज वाजवून बघतात तसा तिने तो बोटांनी वाजवला आणि म्हणाली, "हा माझा. बाकीचे दोन दिपालीचे."

मी खाली बसलो. (फलाटाच्या कडेची पांढरी रेघ त्याच दिवशी ओढलेली होती. पॅन्ट वाया गेली. तो विषय वेगळा.)

दिपाली म्हणजे तुमच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी, जिच्या स्कूटरच्या आवाजाबद्दल तू मागच्या भेटीत तक्रार केली होतीस. ती हॉटेलचे शिक्षण घेतलेली आहे आणि तुझ्या आईच्या म्हणण्याप्रमाणे डोक्याने तेज आहे. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांचे स्वतःचे इंजिन आणि मालाच्या डब्यांसाठी बागांमधून टाकलेला त्यांचा खासगी रूळ, म्हणजे साईडिंग, तशीच पडून होती. दिपालीने इंजिन विकत घेतले, रूळ भाड्याने घेतले, लिलावात दोन मोडीतले डबे घेतले आणि ठरवले की दर शनिवारी दुपारी माणसे बसवायची, संत्र्याच्या बागांमधून बैलगाडीच्या वेगाने साईडिंगच्या टोकापर्यंत न्यायची, दिवेलागणीला जेवू घालायचे आणि परत आणायचे. तिसरा डबा लिलावात उरला होता आणि तो भंगारवाले कापणार होते. दिपाली संध्याकाळी जिन्यात बसून आत्याजवळ त्याची हळहळ करत होती. आत्या म्हणाली, कापतात कशाला, मी घेते. जणू उरलेली कोथिंबीर होती.

पैसे कुठून आणले, असे तू विचारशील. मीही विचारले. तिने बेसा भागातला प्लॉट विकला. हो, तोच. जिथे तू रिटायर झाल्यावर बंगला बांधणार होतास आणि ज्याच्या मागच्या कोपऱ्यात मला आंब्याची दोन झाडे लावायची परवानगी दिली होतीस, तो. विक्रम, तो प्लॉट तिच्याच नावावर आहे, ही गोष्ट आपण दोघेही साफ विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

तेवढ्यात भोंगा वाजला. तुझ्या आईने झेंडा हलवला (हलवताना तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मी तुझ्या मुंजीतही पाहिले नव्हते) आणि आम्हाला आत ढकलले. आतून डबा सुरेख केला आहे, हे मला कबूल केले पाहिजे, माझी इच्छा नसली तरी. जुने लाकडी बाक घासून पॉलिश केलेले, मध्ये टेबले, जाळीचे पंखे तेच, आणि 'तिकिटाशिवाय प्रवास करणे गुन्हा आहे' ही पाटीही तीच. पहिल्या डब्यात स्वयंपाक, तिथून एकेक येत होते. कोथिंबीर ठासून भरलेली सांबारवडी आली, पाटवडीचा रस्सा आला, वडाभात आला आणि त्याच्यावर हिंगाची फोडणी. शेजारच्या टेबलावर कामठीचे एक कुटुंब होते, त्यांतल्या आजोबांनी रश्शाचा वास घेऊन डोळे मिटले. माझे मात्र ताटात लक्ष नव्हते. मला सगळीकडे प्लॉटच दिसत होता. माझ्या मनाने घेतले की या सगळ्यामागे कोणीतरी पक्का माणूस आहे, म्हाताऱ्या बाईला गोड बोलून गुंतवणारा, आणि तो बहुतेक इंजिनात बसला आहे. पोरीच्या एकटीच्या अंगात एवढी धमक कुठून येणार, असा माझा हिशोब. (तो चुकला, पण त्या वेळी पक्का वाटत होता.)

साईडिंगच्या टोकाला बागांच्या मध्ये गाडी थांबते, इंजिन सुटे करून बाजूच्या रुळावरून उलट्या टोकाला आणून जोडतात आणि मग परत. ते सुटे झालेले मी पाहिले आणि शिडीने वर चढलो. आत रुपराव नावाचे गृहस्थ. रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त, मिशा कोळशासारख्या काळ्या (रंग ताजा होता, कानालाही थोडा लागला होता), गळ्यात मफलर, समोर स्टीलच्या पेल्यात चहा. मी त्यांना स्वच्छ सांगितले की मी यमुताईंचा भाचा आहे, मला सगळे दिसते आहे, आणि एका वयस्क विधवा बाईला असल्या भानगडीत ओढताना तुम्हाला काही वाटले पाहिजे होते. ते शांतपणे चहा प्यायले. मग म्हणाले, "मुकुंदभाऊ, तुमी काहून एवढे तापून राहिले? बाईनं डबा घेतला. इंजिन थोडी घेतलं." इंजिन घ्यायचेही चालले होते की काय, म्हणून मी आणखीच भडकलो. हातवारे करून बोलायची आपल्या घराण्याची सवय तुला ठाऊक आहे, आणि त्या इंजिनातली जागा आपल्या घराण्याला पुरेल एवढी नाही. कोणाचे तरी कोपर (कोणाचे हा मुद्दा इथे गौण आहे) एका लाल बटणावर आपटले. धडधड थांबली. इतके शांत झाले की दूर कुठल्यातरी विहिरीवरचा पंप ऐकू आला.

रुपरावांनी बटणाकडे पाहिले, मग कोपराकडे, मग माझ्याकडे. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. ते म्हणाले, "हे आपण बंद नाही करत जी. बॅटरी मेली आहे त्याची. एकदा का बंद पडलं तं चालू होत नाही."

आता परिस्थिती अशी. बाजूच्या रुळावर मेलेले इंजिन, मुख्य रुळावर डोके नसलेले तीन डबे, चहूकडे संत्री, सूर्य मावळायला आलेला आणि सत्तर-ऐंशी माणसे, त्यांतली निम्मी जेवलेली आणि निम्मी न जेवलेली. कामठीच्या आजोबांच्या जावयाने पैसे परत मागितले. ते ऐकून इतरांना आठवले की आपणही मागू शकतो. कोणीतरी मोबाईल काढून चित्रण सुरू केले. दिपाली डब्याच्या पायरीवर डोके धरून बसली. तिचे काहीतरी मोठे पणाला लागले आहे हे मला त्या वेळी तिच्या तोंडाकडे बघून कळले, आणि बापाचे शेत गहाण टाकून तिने इंजिन घेतले आहे हे नंतर आत्याने सांगितले. मी इंजिनाच्या शिडीवर उभा होतो आणि मला वाटत होते की तिथल्या तिथे एखाद्या संत्र्याच्या झाडामागे जाऊन उरलेले आयुष्य काढावे.

तुझी आई डब्यातून उतरली. भूगोल शिकवताना वर्गापुढे उभी राहायची तशी उभी राहिली. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "गाडी बंद पडली आहे, गॅस चालू आहे. ज्यांचं जेवण राहिलंय त्यांनी खाली उतरून ओळीत बसा. ज्यांचं झालंय त्यांनी वाढायला या." जावई काही बोलणार होता. आत्याने त्याच्या हातात पाण्याचा जग दिला. एकदा जग हातात आल्यावर माणूस पैसे कसे मागणार? टेबलांवरच्या चादरी रुळांच्या कडेला गवतावर अंथरल्या गेल्या. माझ्या हातात तिने रश्शाची बादली आणि पळी दिली आणि फक्त "वाढ" म्हणाली. एवढेच. माझे कोपर तिला कळले होते की नाही, मला आजही सांगता येत नाही.

मी वाढले, विक्रम. गेली कितीतरी वर्षे मी लग्नांतून फक्त जेवून आलो आहे. वाकून वाढायचे म्हणजे काय ते कंबर विसरली होती. पण पंगतीला हात लागला आणि माणसे एकदम बदलली. कोणी कोणाच्या पोराला मांडीवर घेतले, कोणी आणखी ठेचा मागितला, आजोबांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि मला विचारले की तुम्ही इथे पगारी आहात की घरचे. मी म्हटले, घरचा. तोंडातून निघून गेले. रुपराव तोवर बागेत गेले होते. तिथे संत्री भरायला दोन ट्रक उभे होते, त्यांच्या बॅटऱ्या काढून आणून ते वायरी जोडत होते, आणि तिकडून अधूनमधून नुसता खोकला ऐकू येत होता, तो त्यांचा की इंजिनाचा हे कळत नव्हते.

शेवटच्या ओळीत आत्या स्वतः बसली. कामठीच्या बाया तिच्या दोन्ही बाजूंना. मी ताटात वाढायला वाकलो तर तिने अर्धी भाकरी संपवून दुसरी मागितली. मग रस्सा मागितला. मग वडाभात, आणि वर म्हणाली, तेल जरा सढळ हाताने घाल. अरे, ती जेवत होती. मागून घेऊन जेवत होती. मी बादली खाली ठेवली आणि तिच्यासमोर गवतात बसलो. विचारले, आत्या, विक्रमला मी काय सांगू?

ती घास संपवून म्हणाली, "त्याला सांग, मी फोनवर 'झालं माझं' म्हणायची ना, ते खोटं होतं. एकटीचं ताट वाढायचा कंटाळा येतो रे. वाढलं तरी खायचा कंटाळा येतो." मी प्लॉटचे नाव काढले. ती रागावेल असे वाटले होते. रागावली नाही. म्हणाली, "त्याच्यासाठीच ठेवला होता. दर पावसाळ्यात जाऊन गवत काढून घेत होते, म्हणजे आला तर मोकळी जागा दिसावी. तो येईल तेव्हा येईल. तोवर मी काय गवतच काढू?"

याचे उत्तर तुला सुचले तर मला कळव, तिला कळवू नकोस.

त्याच क्षणी इंजिन चालू झाले. इतके दिवस छातीत साठवलेला सगळा धूर त्याने एका दमात बाहेर टाकला आणि वारा नेमका पंगतीकडे होता. पापड करडे झाले. आजोबा करडे झाले. गार्गीची मोतिया साडी कोणत्या रंगाची झाली ते मी लिहीत नाही, घरात शांतता हवी आहे. माणसांनी मात्र टाळ्या वाजवल्या, आणि परतीच्या वाटेवर त्या जावयाने आत्याला वाकून नमस्कार केला. दिपाली कोपऱ्यात उभी राहून पदराला, म्हणजे ओढणीला, डोळे पुसत होती. गार्गी घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली आणि दार उघडताना एकच वाक्य बोलली, की या गाडीचे नाव पुन्हा या घरात काढायचे नाही.

तर हे असे आहे. हे घडून काही आठवडे झाले, पण धक्क्यातून सावरल्याशिवाय हात लिहायला तयार होत नव्हता. आता वडीलधारा म्हणून माझे कर्तव्य आहे ते करतो. सत्तरी ओलांडलेल्या बाईने असले धाडस करणे बरे नाही. हादरे आहेत, धूर आहे, चढउतार आहे. प्लॉट गेला तो गेला, पण डबा अजून विकता येईल. तू जमेल तेवढ्या लवकर ये आणि आईला दोन शब्द समजुतीचे सांग. माझे ती ऐकत नाही. माझे ऐकल्यामुळेच हे झाले, असे ती चारचौघांत सांगते.

वैदेहीस आशीर्वाद, मुलांचे गालगुच्चे. आईची काळजी करू नकोस, असे लिहिणार होतो, पण कर.

तुझा, अजून पुरता न सावरलेला,
मुकुंददादा

ता. क. आईला फोनवर रागावू नकोस. प्लॉटचे तर नावच नको. आणि विकण्याबद्दल मी वर जे लिहिले आहे ते तिला वाचून दाखवू नकोस, घाईत लिहिले गेले.

ता. क. २. तो चित्रणवाला मुलगा निघाला चांगला. गवतावरच्या पंगतीचा त्याने जो व्हिडिओ टाकला तो अर्ध्या नागपूरने पाहिला, आणि आता फोन करणारे सगळे विचारतात की गाडी बंद पडते तेच जेवण आम्हाला मिळेल ना? म्हणून दिपाली हल्ली टोकाला गाडी मुद्दाम थांबवते आणि सगळ्यांना खाली बसवते. इंजिन बंद करत नाहीत, नुसते उभे ठेवतात. बटणावर रुपरावांनी लोखंडी झाकण बसवून घेतले आहे. तिकिटे उन्हाळ्यापर्यंत संपली. माणसे जास्त आणि डबे तीन, अशी अडचण झाली आहे.

ता. क. ३. आता कामाचे. लिलावात चौथा डबा निघतो आहे. आत्याच्या डब्याचाच जोडीदार आहे, मी जाऊन आतून-बाहेरून पाहून आलो, खालचा सांगाडा उत्तम, फक्त छत एका ठिकाणी गळते. मी घ्यावा म्हणतो. गार्गीला सांगितलेले नाही. परदेशात राहणाऱ्या माणसाला अक्कल असते असा तिचा समज आहे आणि तुझे ती ऐकते, तेव्हा तू तिला फोन करून सहज बोलता बोलता सांग, की वहिनी, आईच्या डब्याला सोबत हवी, दादाने एक घेतला तर मला इकडे निर्धास्त वाटेल. कल्पना तुझी आहे असेच तिला वाटले पाहिजे. फक्त फोन रविवारी कर. शनिवारी मी घरी नसतो. मी दर शनिवारी आत्याची समजूत काढायला जातो असे गार्गीला वाटते, आणि ते अगदीच खोटे नाही. पंगती उठल्यावर वेळ उरला तर काढणारच आहे.